उमरगा ते लातूर, येळवस १९९४ : आणि आपलेही असे प्रवास

सरोज_सो

काल पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात भज्जी शिजवली, आंबील केली, आणि ताटे घेताना एकाएकी किल्लारीच्या रस्त्यावरची ती बस आठवली. ही हकीकत मी घरच्यांखेरीज कोणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखे काही घडलेच नाही. आम्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला गेलो, एवढेच.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासर सोलापूरचे, नणंद लातूरला दिलेली, आणि तिने आम्हाला येळवशीला शेतात जेवायला बोलावले होते. ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे गावात माणूस राहत नाही. सारे जण शेतात जातात, कडब्याची खोप उभारतात, पांडव मांडून पूजा करतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असे जेवण होते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. मी पडले कोल्हापूरकडची, त्यामुळे मला हे सगळे नवे होते.

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना. ती येळवस आली जानेवारी १९९४ च्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे मध्ये अवघे साडेतीन महिने गेले होते. आदल्या रात्री आम्ही उमरग्याला यजमानांच्या मावशींकडे मुक्काम केला आणि सकाळी लातूरची बस धरली.

बस भरलेली होती, तरी तिच्यात बोलणे फारसे नव्हते. वाहक तिकीट फाडताना प्रत्येकाला विचारत होता, "गाव का शेड?" प्रथम मला प्रश्नच कळला नाही. नंतर ध्यानात आले, की एकाच नावाचे दोन थांबे झाले होते. एक जेथे गाव होते तेथला, आणि दुसरा जेथे आता पत्र्याच्या शेडमध्ये माणसे राहत होती तेथला. बहुतेक जण "शेड" म्हणत. एक म्हातारे गृहस्थ "गाव" म्हणाले, तेव्हा वाहकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि काही न विचारता तिकीट दिले.

खिडकीतून जे दिसले त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला नाही. शाळू कमरेच्या वर आला होता, करडई हिरवीगार होती, आणि शेताशेतांत माणसे होती. खोपी होत्या, चुलींचा धूर होता, लहान मुले बांधावरून पळत होती. त्यापलीकडे, झाडांच्या आत, जेथे गाव असायला हवे तेथे दगडमातीचे लांबच लांब ढीग होते आणि त्यांच्या आसपास चिटपाखरू नव्हते. मी यजमानांना हळूच विचारले, की गावात कोणीच कसे नाही? ते म्हणाले, "आज येळवस आहे ना." क्षणभर थांबून ते खिडकीबाहेर पाहू लागले आणि लातूर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

मध्येच एका पाटीवर, म्हणजे फाट्यावरच्या थांब्यावर, एक आजी चढल्या. डोक्यावर पितळी हंडा, त्यात आंबील, तोंडाला फडके बांधलेले. त्या माझ्याशेजारी बसल्या, हंडा दोन्ही पायांच्या मध्ये धरला, आणि बराच वेळ माझ्या हातातल्या नव्या चुड्याकडे पाहत राहिल्या. मग हंडा जरासा फिरवून त्याच्या गळ्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, "माय, शिकल्याली दिसतीस. हितं काय लिवलंय, वाच की."

हंडा मदतीत आलेला होता. भूकंपानंतर गावोगावाहून ट्रक भरून भांडी आली, त्यांतला. कोणा मुलीच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला, त्यावर तिचे नाव, मामांचे नाव, १९७८ सालातली तारीख आणि खाली "इचलकरंजी" असे कोरलेले होते. नावे मी येथे लिहीत नाही. मी ती वाचून दाखवली. आजींनी मुलीचे नाव दोनदा माझ्याकडून वदवून घेतले, स्वतः एकदा उच्चारून पाहिले, आणि म्हणाल्या, "लेकीचा हंडा दिला की वं त्येनी." त्यानंतर फडके सोडले, कमरेच्या पिशवीतून पेला काढला आणि धावत्या बसमध्ये मला आंबील दिली. माझ्या अंगावर सांडली. नवी साडी होती. पुढे एका शेताशी, थांबा नसताना, चालकाने आपणहून बस उभी केली आणि त्या उतरल्या.

नणंदेकडे पोहोचल्यावर मी पोटभर जेवले, सगळ्यांशी हसून बोलले, आणि साडीवरचा डाग कशाचा म्हणून विचारल्यावर बसमध्ये धक्का लागला असे सांगितले. असे का सांगितले ते मला आजही नीटसे कळलेले नाही.

आपणांपैकी कोणी आपत्तीनंतर सावरत असलेल्या भागातून असा एखादा दिवस प्रवास केला असेल, तर अवश्य लिहावे. मदतकार्याचे वृत्तान्त पुष्कळ आले आहेत. मला केवळ वाटेत काय दिसले ते वाचायचे आहे.

बार्शीकर

लेख फार आवडला. मात्र एक शंका मनात येते. सोलापूरहून लातूरला जायचे तर तुळजापूर-औसा हा सरळ रस्ता सोडून नळदुर्ग, जळकोट, येणेगूर करीत उमरग्याला कोण जाईल? मावशींच्या हाताला विशेष चव असणार, असा माझा तर्क आहे.

सरोज_सो

@बार्शीकर, तर्क बरोबर आहे. त्याशिवाय नव्या सुनेला सर्वांच्या पाया पडण्यासाठी फिरवायचे असते, हेही कारण होतेच.

तेरणाकाठ

ताई, आपण ज्या बसच्या खिडकीत होता, तशा बसकडे रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझे वय तेव्हा बारा होते. गावाचे नाव लिहीत नाही. किल्लारीपासून फार दूर नाही, एवढे पुरे.

पहिल्या काही दिवसांत बघ्यांची एवढी गर्दी झाली की मदतीच्या गाड्यांना रस्ता मिळेना, त्यात पाऊस लागलेला. गर्दी ओसरल्यानंतरही येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या खिडक्यांतून चेहरे बाहेर येत असत. माझी आई शेडच्या दारात भाकरी करीत असे, आणि बसचा आवाज आला की काही न बोलता चुलीची बाजू बदलून रस्त्याकडे पाठ करून बसत असे. आम्हा मुलांना उलट गाड्यांचे आकर्षण होते, कारण काही गाड्यांतून बिस्किटांचे पुडे फेकले जात. ते पुडे उचलायचे नाहीत असा आईचा दंडक होता आणि आम्ही तो पाळला नाही.

आपण ढीग म्हटले, ते कसे झाले ते लिहितो, कारण आजही लोक विचारतात की साडेसहा रिश्टरच्याही आतल्या भूकंपाने एवढी माणसे कशी गेली. आमच्याकडे घर म्हणजे माळवद. हातभर नव्हे, दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले, आणि भिंतीचा आतला व बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी खणांवर मातीचे छत. छत गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरीची नवी माती टाकायची, अशी पद्धत. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आणि बाप-आजाच्या काळापासूनचे ते सगळे ओझे त्या पहाटे खाली आले. ज्याचा वाडा जुना आणि मोठा, त्याच्या डोक्यावर माती अधिक. कुडाच्या झोपडीत राहणारे आमच्या गावात बरेच जण वाचले. त्यापूर्वी वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज येत होते आणि धक्केही बसत होते. पण नकाशावर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली. घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाली : भूमिहीन आणि अल्प जमीनवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. त्यामुळे ज्या भावकीची दारे एकमेकांसमोर होती ती तीन निरनिराळ्या ओळींत गेली. रस्ते एवढे रुंद, की समोरच्या घरी विस्तव मागायला जायचे तर पायांत चप्पल घालावी लागे. आमच्या वडिलांनी पक्क्या घरात धान्य ठेवले आणि स्वतः कितीतरी वर्षे अंगणात पत्रा टाकून त्याखाली झोपले. डोक्यावर स्लॅब असला की झोप लागत नाही, असे ते म्हणत.

त्या वर्षी येळवस करायची की नाही यावरून शेडमध्ये वाद झाला होता, हेही सांगून ठेवतो. घरोघर सुतक असल्यासारखी स्थिती होती. शेवटी एका वृद्ध माणसाने सांगितले की काळ्या आईला सुतक नसते, आणि लोक उठले. आमच्या खोपीत आम्ही दरवर्षी अकरा माणसे बसत असू. त्या वर्षी सहा बसलो.

मीनल_जे

वाचून डोळे भरून आले. तेरणाकाठ, आपल्या आई कशा आहेत?

तेरणाकाठ

@मीनल_जे, आहेत, ठणठणीत आहेत. दुपारच्या मालिकांच्या वेळी त्यांच्याशी बोलायची आम्हाला परवानगी नसते.

रावपुरा

मी बडोद्याचा मराठी. माझा धाकटा भाऊ गांधीधामला नोकरीस होता आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्याच्या इमारतीला तडे गेले, पण माणसे सुखरूप राहिली. (गांधीधाम हे गावच फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांसाठी वसवलेले, एकदा सर्वस्व सोडून आलेल्यांच्या मुलानातवंडांना पुन्हा रस्त्यावर झोपावे लागले, असे भाऊ म्हणत असे.) मी प्रथम तिकडे गेलो तो जवळजवळ वर्षाने, जानेवारी २००२ मध्ये, उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुट्टीत.

अहमदाबादहून ध्रांगध्रा, हळवद, माळिया अशी बस जाते. बडोद्याच्या माणसाला उत्तरायण म्हणजे दोन दिवस गच्चीवर मुक्काम, तेथेच उंधियू, तेथेच जिलेबी, आणि सगळे आकाश पतंगांनी भरलेले. हळवदपर्यंत खिडकीतून तसेच दिसत होते. माळियाच्या पुढे मिठागरे लागतात, दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग, आणि मग सूरजबारीचा पूल. भूकंपात या पुलाला इजा झाली होती आणि कच्छमध्ये शिरायची मुख्य वाट तीच असल्याने पहिल्या दिवसांत मदतीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आमची बस पुलावरून एवढ्या हळू गेली, की शेजारच्या काकांचे एक पूर्ण स्तोत्र म्हणून झाले.

भचाऊ आले, असे चालकाने सांगितले, तेव्हा मी गाव शोधू लागलो. मला वाटले, गाव पुढे असेल. ते गाव तेच होते. बरेचसे ढिगारे तोवर उचलले गेले होते आणि त्यामुळे पडझडीपेक्षाही मोकळे मैदानच अधिक दिसत होते. मैदानात तात्पुरती घरे, त्यांच्या मधून दोऱ्यांवर वाळणारे कपडे. पतंग मात्र होते. ते सगळे जमिनीवरून उडत होते. उत्तरायणाला जमिनीवर उभे राहून पतंग उडवणारी मोठी माणसे मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पतंग पुरेसा वर जाईना, म्हणून एक मुलगा मातीच्या ढिगावर चढला, तर चार-पाच जणांनी एकदम ओरडून त्याला खाली उतरवले.

चहाच्या टपरीवर मी बशीत चहा ओतत असताना टपरीवाल्याने विचारले, "मराठी छो?" मी हो म्हणताच तो म्हणाला, की लातूरचे लोक येथे आले होते, त्यांनी सांगितले की घर घाईने बांधून घेऊ नका, आधी जागा ठरवा. ते लोक कोण, कोणत्या संस्थेचे, त्याला सांगता आले नाही. त्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मी लातूरचा नाही, लातूर मी पाहिलेलेही नाही, असे मी त्याला दोनदा सांगितले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

परतताना भावाने कच्छच्या बन्नी भागातला भुंगा दाखवायला नेले. गोल मातीचे घर, वर निमुळते गवताचे छप्पर. चौकोनी घरे पडलेल्या भागात असे पुष्कळ भुंगे उभे राहिले होते. तेरणाकाठ यांचे वर्णन वाचून भिंतीचा आकार आणि छताचे वजन यांचा पुन्हा विचार करीत बसलो आहे.

कुंभार्ली_घाट

किल्लारी आणि कच्छ यांच्या आधी आमचे कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी सहा वर्षांची होते. वडील प्रकल्पावर कामाला, आणि धक्क्यानंतर आईने आम्हाला चिपळूणला माहेरी नेले. घाट उतरताना रस्त्यावर आलेल्या दरडी लोक हातांनी बाजूला करीत होते आणि गाडी थोडी थोडी पुढे सरकत होती, एवढेच मला स्वतःला आठवते.

आईने पुढे आयुष्यभर उशाशी पाण्याचा पेला ठेवला. पिण्यासाठी नव्हे, रात्री जाग आली की ती दिवा लावून पेल्यातले पाणी हलते आहे का ते पाहत असे. आम्ही चेष्टा करीत असू. आता तो पेला माझ्या उशाशी असतो आणि माझी मुले चेष्टा करतात.

नारळी_पोफळी

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मी करोनाच्या टाळेबंदीत पुण्यात अडकलो होतो. दिवेआगरच्या वाडीत आई-वडील दोघेच, फोन बंद, वीज नाही. ई-पास मिळवून निघेपर्यंत जून संपत आला.

ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगावपर्यंत सगळे ओले, हिरवे, नेहमीसारखे होते, त्यामुळे मी उगाच धीर धरला. म्हसळ्याच्या अलीकडे विजेचे खांब दिसू लागले, मोडून काटकोनात वाकलेले, आणि तारा गवतात पडलेल्या. बोर्ली पंचतनला एका दुकानासमोर ताडपत्रीसाठी रांग होती, सर्वांच्या तोंडाला फडकी, आणि अंतर राखण्यासाठी आखलेल्या चुन्याच्या वर्तुळांत माणसांऐवजी पिशव्या ठेवलेल्या. कौले मिळत नव्हती, पत्रे मिळत नव्हते, आणि वर कोकणातला पाऊस.

दिवेआगरला शिरलो आणि मला चक्क रस्ता चुकल्यासारखे झाले. ज्यांनी ते गाव पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की भर दुपारीही आमच्या आळीत ऊन पडत नसे. दोन्ही बाजूंना पोफळी आणि माड, वर झावळ्यांचे छत, खाली पाटाचे पाणी. त्या दिवशी तेथे लख्ख उजेड होता. आमचे घर मला रस्त्यावरून दिसले. जन्मापासून आजवर ते रस्त्यावरून दिसलेले नव्हते. आई ओट्यावर डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बसली होती आणि मला पाहून तिचे पहिले वाक्य हे होते, की या उजेडाने डोके दुखते.

पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे जातात, आणि पूर्ण भरात यायला त्याहून अधिक. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव सर्वांना माहीत आहे, पण ती ज्या वाड्यांत पिकते त्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. नुकसानभरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला हिशेबाने अडीच हजार येतात, आणि पडलेली झाडे तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीच त्याच्या कितीतरी पट होती. वडील हा हिशेब कोणाला सांगत नसत. विचारले तर "आले, आले" म्हणत. त्यांनी त्या पावसाळ्यात सत्तराव्या वर्षी रोपे लावली. मी त्यांना सहा-सात वर्षांचा हिशेब सांगू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातात पहार दिली.

बार्शीकर

@नारळी_पोफळी, झाडे धरली का?

नारळी_पोफळी

@बार्शीकर, थोडीफार धरू लागली आहेत. सावली अजून पुरती आलेली नाही. आई टोपी घालते.

पाटील_बाई

मी इचलकरंजीची. पहिला लेख वाचल्यापासून अस्वस्थ आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. १९९३ च्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीत टेम्पो फिरला होता आणि घराघरांतून भांडी, चादरी, धोतरे दिली गेली होती. आमच्या घरातून दोन पातेली आणि एक कळशी गेली. हंडे कोणी दिले ते मला आठवत नाही, आणि त्या काळात गावात हजारो लग्ने झालेली असल्यामुळे त्यावरून काही ठरतही नाही. तरी दोन शेजारणींना फोन करून झाले आहेत.

आता माझा प्रवास. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली होती आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद मी येथे काढत नाही. तो निघाला तर हा धागा पुढच्या महापुरापर्यंत चालेल.) पाणी उतरल्यावर, महिनाअखेरीस, आम्ही चार शिक्षिका वह्यांचे गठ्ठे घेऊन रिक्षाने शिरढोण, कुरुंदवाड, नृसिंहवाडी असे फिरलो.

आधी वास आला. रिक्षा पुलावर चढण्याआधीच तो आला, आणि दिवसभर गेला नाही. दहा-बारा दिवस पाण्याखाली राहिलेला ऊस कुजतो तेव्हा काकवीसारखा गोडसर वास येतो आणि त्याच्या खाली मेलेल्या जनावरांचा असतो. दोन्ही बाजूंचा ऊस शेंड्यापर्यंत एकाच मातकट रंगाचा झाला होता. पाने हलली की धूळ उडत होती, उसातून धूळ! प्रत्येक दारासमोर गाद्यांचा ढीग. गादी भिजली की किती जड होते याची कल्पना नसते. एका घरासमोर तीन माणसे एक गादी ओढत होती आणि ती हलत नव्हती.

नृसिंहवाडीला दरवर्षी पावसाळ्यात कृष्णेचे पाणी देवळात येते, उत्तरेकडून शिरून दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि लोक त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात स्नानासाठी मुद्दाम जातात. पुराचे एवढे कौतुक करणारे दुसरे गाव क्वचितच असेल. तेथल्या एका पेढ्याच्या दुकानदारांनी मला भिंतीवरची ओल दाखवली. माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. ते म्हणाले, "बाई, देव दाराशी येतो हे ठीक. यंदा तो माळ्यावर चढला."

एका शाळेत हजेरीपत्रके आणि दाखल्यांची रजिस्टरे उलगडून दोरीवर वाळत घातली होती, कपड्यांसारखी चिमटे लावून. मुख्याध्यापक पाने मोजत होते. १९५२ च्या पटाची शाई टिकली होती. अलीकडच्या बॉलपेनच्या नोंदीही बऱ्याचशा टिकल्या होत्या. मधल्या काळातल्या काही वर्षांची पाने निळी होऊन गेली होती. त्या वर्षांत शिकलेल्यांचे दाखले आता कसे द्यायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि आमच्या वह्यांकडे त्यांनी दुपारपर्यंत पाहिलेसुद्धा नाही.

परतताना रस्त्यात एक ट्रक उभा होता, एमएच २४ क्रमांकाचा, लातूरचा. कडबा आणि ज्वारीची पोती भरलेली. मी चालकाला विचारले, एवढ्या लांबून? तो म्हणाला, "तुम्ही पाणी दिलं होतं की रेल्वेनं." एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेले होते, ते तो सांगत होता. त्याला भूकंप आठवत नव्हता. त्याचा जन्म नंतरचा. चादरी-भांड्यांचे मी बोलले, तर तो म्हणाला की ते आजीला विचारावे लागेल.

मीनल_जे

पाटील बाई, शेजारणी काय म्हणाल्या ते कृपया कळवा. आज दिवसभर माझे कामात लक्ष लागणार नाही.

पाटील_बाई

@मीनल_जे, एक म्हणाली की ७८ साली ती चौथीत होती. दुसरीने हंड्याचा विषय सोडून मला गुडघेदुखीवरचे तेल सांगितले.

तेरणाकाठ

सरोज ताई, आपल्या आजी नेमक्या कोणत्या पाटीला चढल्या आणि किती वेळाने उतरल्या, हे थोडे आठवते का? उमरग्याकडून येताना तेरणा नदी ओलांडण्याच्या आधी, की नंतर?

सरोज_सो

@तेरणाकाठ, पाटीचे नाव मी वाचले नाही, कारण नव्या सुनेने खिडकीबाहेर फार डोकावू नये अशी सूचना होती. उतरल्या त्या नंतर, एवढे निश्चित. पूल आला तेव्हा त्यांनी हंड्यावर हात दाबून धरला होता. उतरल्या तेथे रस्त्याच्या डाव्या हाताला शेत होते, चिंचेचे एक झाड होते, आणि खोपीपाशी एक मुलगा उभा होता. त्याने पुढे येऊन हंडा घेतला.

तेरणाकाठ

चिंचेची झाडे आमच्याकडे प्रत्येक बांधाला आहेत, त्यामुळे मी काही सांगू शकत नाही. मात्र भांड्यांबद्दल एक सांगतो. आमच्या शेडमध्ये आलेल्या बहुतेक भांड्यांवर अशी नावे होती आणि काही लोकांनी ती घासून काढली. आईने काढली नाहीत. आमच्या वाट्याला आलेल्या घागरीवर सांगलीच्या कोणा बाईंचे नाव होते. पुढे आठवडी बाजारात नावे घालणारा बसू लागला, तेव्हा आईने त्या नावाच्या खाली आपले नाव घालून घेतले. २००६ साली बहिणीच्या लग्नात तीच घागर दिली आणि त्या वेळी बहिणीचे नाव घातले. आता त्यावर तीन नावे आहेत, आणि चौथ्यासाठी जागा थोडी कमी पडेल असे बहीण म्हणते.